टाकाऊ वस्तूंतून वर्गात शिकवायचंय? मग सुरुवात अशी करा

नवीन रुजू झालेले शिक्षक, शिक्षणसेवक, अंगणवाडीच्या ताई, सगळ्यांचा एक प्रश्न हमखास असतो, की वर्गात साहित्य वापरा म्हणतात पण त्याला पैसे कुठून आणायचे आणि खिशातून किती घालायचे. तर बरंचसं साहित्य तुमच्या गावातच पडलेलं आहे, किराणा दुकानाच्या मागे, पंक्चरवाल्याकडे, टेलरकडे, आणि मुलांच्या घरी कपाटावर ठेवलेल्या जुन्या लग्नपत्रिकांच्या पिशवीत. ते गोळा कसं करायचं, त्याचं करायचं काय आणि कुठल्या वस्तू वर्गात अजिबात आणायच्या नाहीत, हे नीट माहीत पाहिजे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. उदाहरणं पहिली ते सातवीची आहेत आणि डोळ्यासमोर जिल्हा परिषदेची शाळा आहे, पण दुसऱ्या कुठल्याही शाळेत चालेल.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण माझ्या मते सगळं त्यावरच आहे. साहित्य मुलांच्या हातात गेलं पाहिजे. प्रदर्शनात मांडायला किंवा फोटो काढून केंद्राच्या ग्रुपवर टाकायला केलेली वस्तू म्हणजे सजावट, तिला शैक्षणिक साहित्य म्हणू नका. बाटल्यांच्या कुंड्या, सीडीची तोरणं छान दिसतात पण त्यातून मुलाला बेरीज येत नाही. आणि टाकाऊपासून करायचं म्हणून आइस्क्रीमच्या काड्यांची नवी पाकिटं, रंगीत फोमशीट, ग्लिटर विकत आणायचं, हे तर टाळाच.

हे गरीब शाळेचं काम, पैसे असते तर विकतचं घेतलं असतं, असं कोणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जी बालशिक्षणाची पद्धत उभी केली तिच्यात महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, दगड असंच परिसरातलं साहित्य आणलं होतं. अरविंद गुप्ता तर आयआयटी कानपूरचे इंजिनियर, त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबपासून (हवा भरायच्या व्हॉल्ववरची बारीक रबरी नळी) विज्ञानाची खेळणी केली, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कितीतरी वर्षं हेच काम केलं, २०१८ ला पद्मश्री मिळाली. त्यांच्या साइटवर मराठीत सुद्धा भरपूर साहित्य फुकट आहे, मोबाइलवर बघता येतं.

पायरी १: आधी धडा ठरवा, वस्तू नंतर

नव्या माणसाचं इथेच गणित चुकतं. घरी पन्नास बाटल्या साठल्या की मग "याचं काय करू" असा विचार सुरू होतो. उलटं करा. आपल्या वर्गात सध्या मुलं कुठे अडकलीत ते वहीत लिहा, अगदी बारीक लिहा. "गणित कच्चं" असं नको, "हातच्याची वजाबाकी येते पण ३०२ मधून १७ वजा करताना शून्यापाशी अडतात" असं लिहा. "वाचन येत नाही" असं नको, "वेलांटी पहिली की दुसरी यात गडबड होते" असं लिहा. असे दोन-तीन मुद्दे पुरेत. मग प्रत्येक मुद्द्याला विचारायचं, की इथे मुलाने हाताने काय केलं, काय उचललं, काय जोडलं की त्याला हे दिसेल. वस्तू आपोआप सुचते.

आणि हो, शाळेत गणित पेटी किंवा तसलं काही आलेलं असेल तर आधी ते कपाट उघडा. बऱ्याच ठिकाणी पेट्या सीलबंद पडून असतात, आहे ते वापरणं हा पण पुनर्वापरच आहे.

पायरी २: गोळा करणं

पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "टाकाऊ वस्तू पाठवा" असं मोघम टाकलं की कायपण येतं, फुटके कप येतात, औषधाच्या बाटल्या येतात. नेमकं मागा. साधारण असा मेसेज टाका:

"नमस्कार. तिसरीच्या वर्गाला गणितासाठी पाण्याच्या बाटलीची झाकणं हवी आहेत. प्रत्येकाने १० द्यावीत, जास्त असली तरी चालतील. धुऊन, वाळवून शुक्रवारपर्यंत पाठवा. मुद्दाम विकत काही आणू नका. औषधाच्या किंवा फवारणीच्या बाटलीचं झाकण पाठवू नका."

बाकी ठिकाणी स्वतः जाऊन भेटा. किराणावाल्याकडून गोळ्या-चॉकलेटच्या पारदर्शक बरण्या आणि पुठ्ठ्याची खोकी मिळतात, टेलरकडून कापडाच्या चिंध्या, झेरॉक्सवाल्याकडून एका बाजूने कोरे कागद, पंक्चरवाल्याकडून फाटक्या ट्यूब. शाळेत मुलांना शिकवायला पाहिजे म्हटलं की लोक नाही म्हणत नाहीत, उलट महिन्याला आठवणीने बाजूला काढून ठेवतात. जुनी कॅलेंडरं तर सोनं आहे, जाड कागद, मागची बाजू कोरी, आणि पुढच्या बाजूच्या तारखांचे चौकोन कापले की आकड्यांची तयार कार्डं.

लग्नपत्रिकांबाबत एक काळजी घ्या. त्यावर गणपतीचा किंवा कुलदैवताचा फोटो असतो, ते तुकडे पायाखाली आले की लोकांना वाईट वाटतं आणि ते बरोबरच आहे. फोटोचा भाग आधी कापून वेगळा ठेवा. नावं-पत्ते-मोबाइल नंबर असलेला भाग पण मुलांच्या हाती देऊ नका.

पायरी ३: काय आणायचं नाही

हा भाग घाईत वाचू नका. कीटकनाशकाचे, तणनाशकाचे डबे आणि बाटल्या कितीही धुतल्या तरी नको. इंजेक्शनच्या सिरिंज, औषधाच्या बाटल्या, गोळ्यांची पाकिटं नको. फुटक्या ट्यूबलाइट, सीएफएल बल्ब आणि जुना थर्मामीटर नको, त्यात पारा असतो. मोबाइलची फुगलेली बॅटरी नको, घड्याळाचे चपटे बटन सेल तर मुळीच नको, मुलाने गिळला तर अन्ननलिका जळते. कापलेल्या पत्र्याच्या डब्यांची कड ब्लेडसारखी असते. थर्माकोल पण सोडून द्या, महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्येच त्याच्या वस्तूंवर बंदी आणली आणि १ जुलै २०२२ पासून सजावटीचा थर्माकोल देशभर बंद आहे, आणि तसाही तो वर्गभर भुगा करतो.

बियांचं नीट बघा, कारण मोजायला बिया आणा म्हटलं की मुलं रानातून दिसेल ते आणतात. गुंजा दिसायला फार सुंदर, लाल आणि काळ्या, पण विषारी. एरंड, धोत्रा, चंद्रज्योत सगळ्या विषारी, चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या समजून खाल्ल्याने शाळेतल्या मुलांना दवाखान्यात न्यावं लागल्याच्या बातम्या आपल्याकडे येतच असतात. सीताफळाच्या बिया अख्ख्या असतील तर ठीक पण फुटून डोळ्यात गेलं तर डोळ्याला इजा होते, म्हणून मी त्या पण नको म्हणतो. चिंचोके, वाल, राजमा, जांभळाच्या बिया घ्या.

अंगणवाडीतल्या मुलांना तोंडात मावेल अशी कुठलीच वस्तू नाही, बाटलीचं झाकण सुद्धा नाही. त्यांना घासून गुळगुळीत केलेल्या करवंट्या, डब्यांची मोठी झाकणं, कापडाचे तुकडे, रिकामी खोकी.

आलेलं सगळं साबणाच्या पाण्याने धुवा, उन्हात वाळवा, बाटल्या उलट्या ठेवा. पावसाळ्यात करवंट्या, बाटल्या बाहेर उघड्यावर ठेवल्या तर डेंग्यूचे डास शाळेतच तयार होतील.

पायरी ४: पहिलं साहित्य, काड्यांचे गठ्ठे

पहिल्यांदा करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. खर्च शून्य, आणि पहिली ते चौथी सगळ्यांना लागतं.

झिजलेला खराटा घ्या. त्याचे हीर साधारण बोटभर लांबीचे कापा, म्हणजे १० सेंमीच्या आसपास, टोकं फरशीवर घासून बोथट करा. गठ्ठे बांधायला रबरबँड विकत आणू नका, ते उन्हाळ्यात तुटतात. सायकलची फाटकी ट्यूब धुऊन कात्रीने आडवी कापत गेलं की अर्ध्या सेंमीच्या काळ्या रिंगा पडतात, वर्षानुवर्षं टिकतात. चार मुलांच्या गटाला १०० काड्या आणि १५ रिंगा असं बरणीत भरा. २४ मुलांच्या वर्गाला सहा बरण्या होतात.

गठ्ठे मुलांनीच बांधायचे. तुम्ही आयते बांधून दिले तर दशक म्हणजे "तो जाड वाला" एवढंच डोक्यात बसतं. दहा मोजून, रिंग चढवून गठ्ठा केला की तो दहा आहे हे हाताला कळतं. मग वजाबाकी. ३२ मधून ७ काढायचे, सुट्या काड्या दोनच आहेत, काय करणार? मुलं थोडा वेळ बघत राहतात आणि कोणीतरी म्हणतंच "गठ्ठा सोडू का". तुम्ही सांगू नका. ते वाक्य मुलाकडून आलं पाहिजे. हातचा, उसना हे शब्द त्यानंतर.

आपल्या मराठी संख्यानावांसाठी पण हे फार उपयोगी पडतं. एकोणतीस म्हटलं की मुलांना त्यातलं तीस ऐकू येतं आणि ३९ लिहितात. काड्यांनी करा: तीसचे तीन गठ्ठे मांडा, आता त्यातली एक काडी कमी करा. एक काडी काढायला एक गठ्ठा सोडावा लागतो, उरतात दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या. असं एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ सगळं करून घ्या.

पायरी ५: चिंचोके

चिंचोका फोडून दोन फोडी केल्या की एक बाजू पांढरी, एक तपकिरी. जुन्या लोकांनी पट खेळताना फासे म्हणून हेच वापरलेत, आजीला विचारलं तर खेळून दाखवेल. पहिलीच्या मुलाला अशा १० फोडी द्या, ओंजळीत हलवून टाकायच्या, पांढऱ्या ७ पडल्या तर तपकिरी किती? ३. वहीत ७ + ३ = १०. परत टाका. दहा मिनिटांत दहाच्या बऱ्याचशा जोड्या येऊन जातात आणि मुलं थांबायला तयार नसतात. पुढे फोडी झाकून फक्त पांढऱ्या दाखवायच्या, तपकिरी ओळखायच्या. सहावी-सातवीला यातूनच १०० वेळा एक फोड टाकून स्तंभालेख काढता येतो, पांढरी-तपकिरी सारखीच पडते का, नाही तर का नाही, यावर चांगली चर्चा होते कारण फोडीची एक बाजू सपाट आणि एक फुगीर असते.

पायरी ६: भाषेसाठी अक्षरकार्डं आणि पारदर्शक मात्रा

लग्नपत्रिकेचे ६ सेंमीचे चौकोन कापा. प्रत्येकावर शिरोरेषेची जागा पट्टीने आधी आखून घ्या, सगळ्या कार्डांवर एकाच उंचीवर, आणि अक्षर मध्ये लिहा, चारही बाजूंना जागा सोडून. आता शर्टाच्या बॉक्सचं, मिठाईच्या बॉक्सचं ते पारदर्शक झाकण असतं ना, त्याचे पण ६ सेंमीचेच चौकोन कापा, त्याच उंचीवर शिरोरेषा धरून सीडी मार्करने फक्त काना, वेलांटी, उकार, मात्रा काढा, एका चौकोनावर एकच. "क" च्या कार्डावर दुसऱ्या वेलांटीचा चौकोन ठेवला की "की". तोच उचलून "म" वर ठेवला की "मी". वेलांटी कुठल्या बाजूला, उकार कुठे लागतो, हे फळ्यावर शंभरदा सांगून होत नाही ते इथे हाताने होतं, कारण चौकोनाची खालची बाजू वर करून ठेवला तर रेषा जुळतच नाही आणि मूल स्वतःच फिरवून ठेवतं. फक्त "रु" आणि "रू" यात बसत नाहीत, त्यांची वेगळी कार्डं करा.

सुरुवात क-ख-ग पासून करायची गरज नाही, वर्गातल्या मुलांच्या नावातली अक्षरं आधी घ्या.

वाचता येणाऱ्या मुलांसाठी बिस्किटांचे, तेलाचे, साबणाचे रिकामे रॅपर धुऊन ठेवा. किंमत, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं हे शोधून काढणं हा पाचवीचा पूर्ण तास होतो. मग ५ रुपयांचा पुडा आणि ३० रुपयांचा पुडा यातला कुठला स्वस्त पडतो हे एका ग्रॅमच्या किमतीवरून काढायचं, आता बऱ्याच पाकिटांवर ती किंमत छापलेली पण असते, उत्तर ताडून बघता येतं. जुनं वीजबिल पण असंच वापरता येतं, नाव आणि ग्राहक क्रमांक कापून.

पायरी ७: विज्ञान आणि भूगोल

आगकाड्यांच्या टोकाचा गुल खरवडून टाका आणि व्हॉल्व ट्यूबचे दीड-दोन सेंमीचे तुकडे करून त्यांनी काड्या जोडा. त्रिकोण हलवून बघा, हलत नाही. चौकोन लगेच कलंडतो. त्यात एक कर्ण घातला की घट्ट. मग मुलांना पुलाचे, विजेच्या टॉवरचे, पत्र्याच्या शेडच्या छताच्या कैच्यांचे त्रिकोण शोधायला बाहेर पाठवा.

बाटलीला वर, मध्ये, खाली अशी तीन भोकं पाडून पाण्याचा दाब दाखवायचा प्रयोग सगळे करतात, पण बाटली जमिनीवर ठेवून केला तर बऱ्याचदा मधली धार सगळ्यात लांब पडते आणि शिक्षक गोंधळतो, मुलं पण. खालच्या भोकातून पाणी जास्त वेगाने येतंच, पण त्याला पडायला उंचीच मिळत नाही म्हणून ते जवळ पडतं. बाटली तिच्या उंचीइतक्या किंवा त्याहून उंच स्टुलावर, अगदी कडेला ठेवा, आणि धारा जमिनीवर कुठे पडतात ते मोजा, मग खालची धार लांब जाते. मोठ्या मुलांना दोन्ही करून दाखवा आणि फरक का पडला ते विचारा. भोकं पाडायचं काम तापवलेल्या सुईने तुम्ही स्वतः करा.

भूगोलाला वर्तमानपत्राच्या लगद्याचा उठावाचा नकाशा. कागद रात्रभर भिजवून, कुटून, पिळून त्यात मैद्याची खळ घाला. खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, मुलांच्या हातात जाणार असेल तर घालू नका, ते विष आहे. त्यापेक्षा ताजी खळ करा आणि दोन दिवसांत संपवा. जाड पुठ्ठ्यावर महाराष्ट्र आखून सह्याद्रीची रांग, सातपुडा, पठार थापा, कडक उन्हात वाळवा आणि कोणाकडे उरलेला ऑइलपेंट असेल त्याचे दोन हात तुम्हीच द्या. मग मुलांना ड्रॉपरने पाणी सोडायला सांगा. सह्याद्रीच्या पश्चिमेला थेंब पडला तर लगेच कोकणात, पूर्वेला पडला तर गोदावरीसारखा लांबच लांब जातो. समुद्र इतका जवळ असून गोदावरी बंगालच्या उपसागराकडे का जाते, हे विचारावं लागत नाही, मुलंच विचारतात. मात्र हे सांगा की उंची आपण वाढवून दाखवलीय. राज्याची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ८०० किमी, नकाशा ८० सेंमीचा केला तर १ सेंमी म्हणजे १० किमी, आणि १,६४६ मीटरचं कळसूबाई त्यावर दीड-पावणेदोन मिलिमीटर भरेल. हे गणित सातवीच्या मुलांकडूनच करून घ्या, त्यांना खरंच वाटत नाही.

पायरी ८: वर्गात वापरताना

साहित्य दिल्यावर पहिली पाच मिनिटं मुलांना मनासारखं खेळू द्या. ती मनोरे रचतील, एकमेकांना दाखवतील, ते होऊ द्या, नाहीतर तुमचा पूर्ण तास "ठेव रे ते खाली" म्हणण्यात जातो. मग एकच काम द्या. गटातला एकजण बरणी आणणार, तोच मोजून परत ठेवणार, आणि हे काम रोज बदलत राहील. एक मोठं साहित्य करून सगळ्या वर्गाला लांबून दाखवण्यापेक्षा साधे, लहान सहा संच नेहमी बरे.

आणि साहित्य कधी काढून घ्यायचं हे पण ठरवा. आधी काड्या, मग काड्यांचं चित्र वहीत, मग नुसते आकडे. मूल वहीत चित्र न काढता बरोबर सोडवायला लागलं की त्याला काड्या देऊ नका, पण जे अजून मागतंय त्याला हसू नका आणि कोणाला हसू पण देऊ नका, त्याला आणखी आठवडाभर लागेल. कधीकधी चौथीतल्या मुलाला पण लागतात.

पायरी ९: निगा

बरणीवर आत काय आणि किती ते मुलांच्या अक्षरात लिहून चिकटवा. पुठ्ठ्याच्या खोक्यात बिया ठेवू नका, उंदीर येतात. चिंचोक्यांना भुंगा लागतो, पावसाळ्याआधी एक कडक ऊन द्या, भोकं पडलेले टाकून नवे घ्या. कार्डांचे कोपरे गोल कापले की लवकर दुमडत नाहीत. पारदर्शक मात्रांवरची शाई पुसट झाली की त्याच रेषेवरून परत मार्कर फिरवायचा.

मे महिन्याच्या सुट्टीआधी सगळं एकदा काढून बघा. तुटलेलं प्लास्टिक आणि फाटका पुठ्ठा भंगारवाल्याला द्या, काही शाळांमध्ये त्या पैशातून मार्कर येतात. नको असलेला, रंग न दिलेला लगदा शाळेच्या परसबागेच्या खड्ड्यात जाऊ द्या. जे वर्षभरात एकदाही वापरलं नाही ते दुसऱ्या वर्गाला किंवा शेजारच्या शाळेला विचारून देऊन टाका. आणि तुमची बदली झाली तर कपाटाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून जा, कुठल्या बरणीत काय आहे, कुठल्या धड्याला वापरलं, कोण वस्तू देतं, किराणावाला, टेलर, पंक्चरवाला. नव्या माणसाला जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात तो लागेल.